आपोआप उघडणारं पान

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं, जिन्यावर माणसं आणि व्यासपीठावर प्रार्थनेने आजार बरे करणारे उपदेशक, पानबंधू. खरं नाव कुणी घेतच नसे. त्यांचं बायबल आजाऱ्याने स्वतः मिटायचं, कण्यावर उभं करायचं आणि हात सोडायचे. पुस्तक आपोआप उघडे, आणि दर वेळी त्याच पानावर! एक्याण्णवावं स्तोत्र, पीडा तुझ्या बिऱ्हाडाजवळ फिरकणार नाही, ते वचन.

"मी हात लावला? नाही लावला!" पानबंधू गरजत. "डॉक्टर लिहितो ते कुणाला वाचता येत नाही. देवाचं बघा, सगळं छापील!"

माणसं हसत, मग रडत. मग पानबंधू उपदेश गाऊ लागत. खरं सांगते, तसं गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. एकेक शब्द असा आळवत नेत की आपलं पाप आपल्यालाच गोड वाटावं. मी मागे उभी राहून ध्रुवपद धरत असे.

त्या रविवारी माझी मोठी बहीण पुढे गेली. अकरा वर्षं रोज इन्सुलिनची सुई टोचून घेणारी ताई. मीच तिला आग्रहाने आणलं होतं. भावोजी म्हणाले होते, "तुम्ही जा. देवाला माझा पत्ता माहीत आहे."

ताईने पुस्तक उभं केलं, हात सोडले. तेच पान. सभागृह दणाणलं.

"देवाने दार उघडलं, ताई," पानबंधूंनी सुरातच विचारलं, "आता सुईच्या भोकातून कशाला शिरता?"

ताईने वळून माझ्याकडे पाहिलं. मी ध्रुवपद धरलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर नव्हती. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "सुई कुणी बंद करायला सांगितली?" भावोजींनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नुसते शेजारी येऊन बसले. बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्या पिशवीत बाबांचं बायबल होतं. बाबांची शिकवण अशी, की अडलं की डोळे मिटून उघडायचं, बोट ठेवायचं, देव बोलतो. त्या दिवशी बोट ठेवायला हात धजेना. म्हणून ते स्तोत्र आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या ओळीपासून वाचलं. पीडेच्या वचनाला लागूनच पुढे होतं, देवदूत तुला हातांवर झेलतील. समासात बारीक अक्षरांत मत्तयाच्या चौथ्या अध्यायाचा आकडा होता. तिकडे पान उलटलं. मंदिराच्या टोकावर प्रभूला "उडी टाक, देवदूत झेलतील, लिहिलंच आहे" असं सांगणारा सैतान आहे! तोही वचनच दाखवतो, ह्याच स्तोत्रातलं. आणि प्रभू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, म्हणतो.

ताईला मी त्याच टोकावरून ढकललं होतं. तेही सुरात.

पुढच्या रविवारी पानबंधू ध्रुवपदासाठी वळले, तेव्हा मी बाबांचं बायबल घेऊन पुढे गेले. "आज ह्याच्यावर करा."

"भगिनी, अभिषेक ह्या पुस्तकावर आहे."

"का हो?" मागून, त्या दिवशी माझ्यासोबत आलेल्या भावोजींचा आवाज आला. "देवाला दुसरी प्रत चालत नाही?"

लोक हसले. मी बाबांचं पुस्तक उभं करून सोडलं. ते ईयोबाच्या पुस्तकात उघडलं. आई गेल्यावर बाबा रोज तेच पान वाचत. कडेला त्यांच्या अंगठ्याचा काळा डाग होता. लहानपणी मला वाटे, देव बोलतोय. बोलत होता बाबांचा अंगठा.

"आणि बंधूंच्या पुस्तकातून माझे हात बोलतात," मी म्हटलं. "मी पुस्तकं बांधते, ठाऊक आहे तुम्हाला. दोन वर्षांपूर्वी बंधू म्हणाले, हे पान चटकन उघडलं पाहिजे. मी तिथली घडी दाबून आठवडाभर वजनाखाली उघडी ठेवली. बाकी कण्याला चिकटवायची घट्ट खळ दिली, तिथे दिलीच नाही. आता ते दुसरीकडे उघडणार कसं?"

"मग इतके दिवस गप्प का होतीस?" पहिल्या रांगेतल्या आजी कडाडल्या.

"पहिल्याच सभेत कळलं होतं, आजी. मनाला समजावलं, देव माझी खळसुद्धा वापरतो. गाणं फार गोड होतं हो. ते थांबू नये म्हणून गप्प बसले."

पानबंधू पुस्तक काखेत मारून मागच्या दाराने गेले. त्यांना शिव्या देणं सोपं होतं. मला जमलं नाही.

ताई वाचली. घरी आल्यावर म्हणाली, "वाच काहीतरी."

"कुठलं उघडू?"

"उघडू नकोस. सुरुवातीपासून वाच."

तुम्हालाही तेवढंच सांगते. कुणी एक ओळ गाऊन हातात दिली, तर तिच्या आधीची आणि नंतरची स्वतः वाचा. डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. देवाने डोळे दिलेत ते सारखे मिटायला नव्हेत, डोकंही दिलंय.

मी अजून गाते. पण ताईची सुई टोचून झाल्यावर.