नव्या तांदळाचे पाणी

"बाई, हा भात होय का खळ? वडशाच्या नाटकाचे पोस्टर चिकटतीन यानं!"

मुख्याध्यापक गोपाल सरांनी चमच्याने भात उचलला, तेव्हा तो गोळा होऊनच वर आला. पंगतीतली मुले हसली. रुखमाबाई सरांच्या ओठांकडे पाहत होत्या. सगळे हसत आहेत असे दिसल्यावर, किंचित उशिराने, त्याही हसल्या. ते उशिराचे हसू माझ्या नजरेतून सुटले नाही.

अहेरीच्या अलीकडे, सागवानाच्या जंगलाला लागून आमची निवासी शाळा आहे. एकशे चाळीस मुले, आणि बावीस वर्षे एकच चूल, रुखमाबाईंची. मी दोन वर्षांपूर्वी येथे शिक्षक म्हणून आलो. माझा आवाज बारीक. "प्रणित सर, जरा मोठ्यानं बोला ना," हे वाक्य मी रोज कोणाकडून तरी ऐकतो. रुखमाबाईंनी ते कधीच म्हटले नाही. बरेच दिवस मी तो त्यांचा चांगुलपणा समजत होतो.

खोलीवर मी एकटाच रांधतो, म्हणून संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांच्याकडून शिकत असे.

"अंबाडी उकडून पिळून घ्या सर, मंग मूठभर कण्या टाका. आंबटपणा मवाळ होते. अन् फोडणीची घाई नोका करू. मोहरी बोलून चुप झाली का मंगच लसूण."

"आणि भात?"

"तांदूळ मुठीत चोळाचा. जुना वाजते, नवा मुका राह्यते. मुक्याले पाणी कमी लागते."

त्यांची सारी विद्या कानांत होती. दिवाळीनंतर एकदा मोहरी काळी पडून धूर निघाला, तरी त्या कढईवर वाकून तिच्या बोलण्याची वाट पाहत उभ्या होत्या. तेव्हाच माझ्या ध्यानात आले होते. मी काही बोललो नाही; गप्प राहणे मला नेहमीच सोपे गेले आहे. काल बऱ्याच वर्षांनी नव्या तांदळाची पोती आली. त्यांच्या मुठीत आता सगळेच तांदूळ मुके होते. त्यांनी सवयीने जुन्या तांदळाच्याच मापाने पाणी घातले.

जेवणे उरकल्यावर गोपाल सरांनी त्यांना आणि मदतनीस रिनाला बोलावले.

"उद्यापासून चुलीवर रिना. बाई, तुमचं ध्यान राह्यलं नाई आता."

"सर, ध्यानाचा प्रश्न नाही…" मी उठत म्हणालो.

रुखमाबाईंनी हातानेच मला थांबवले. "मले ऐकू येत नाई, सर. दोन पावसाळे झाले. हे प्रणित सर रोज येऊन बसतेत, पण यायचा आवाज कसा आहे, मले ठाऊक नाई. ओठं पाह्यत बसतो मी."

गोपाल सरांचा चेहरा उतरला. आता ते सावकाश, प्रत्येक शब्द तोंडात घडवत बोलले, "काऊन नाई सांगितलं?"

"सांगतलं असतं तं चूल गेली असती." त्यांनी रिनाकडे पाहिले. "द्या रिनाले चूल. पोरायनं असा भात नाई खावाचा. पण शिकवाले मले राहू द्या. कान गेले, दात आहेत."

"उरलेत किती?"

"तांदुळापुरते."

सर हसले, आणि मान डोलावून राहा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाईंनी रिनाच्या तोंडात चार दाणे टाकले. "चाव. कटकन तुटला तं जुना, पीठ झाला तं नवा." गंजात, म्हणजे भाताच्या मोठ्या पातेल्यात, तांदूळ पसरून त्यांनी तिचे बोट पाण्यात उभे धरले. "जुन्याले दोन पेरं. याले दीडच."

पाणी आटत आले, तेव्हा रिनाने भुवया उंचावून विचारले: उतरवू?

रुखमाबाईंनी बांबूचा लांब दांडा गंजात, भाताच्या मधोमध, तळापर्यंत उभा रोवला आणि त्याच्या वरच्या टोकाला कपाळ टेकवले. डोळे मिटले. पंगतीसाठी जमलेली मुले, कोणी सांगितले नसतानाही, गप्प झाली.

"थरथरते अजून," त्या म्हणाल्या. "खाली पाणी आहे."

वाफ त्यांच्या केसांतून वर जात राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी कपाळ उचलले.

"हं. उतरव."

रिना फडके घेऊन पुढे झाली. दांड्याला चिकटलेली शिते बोटांनी निपटत रुखमाबाई चुलीपासून दोन पावले मागे सरकल्या; तिला जागा व्हावी म्हणून.