कोर्टानं धरलेली तारीख

"वयनी, एवढंच म्हणा, आमचा पोरगा जिता हाय," जयसिंगनं बोलणं रेकॉर्ड करायला मोबाइल पुढ्यात धरला. "मग इंग्लंडचं कोर्ट बी त्याला मेला म्हणायच्या आधी इचार करंल."

लवळ्याच्या टेकडीवर धोंडाबाईचं चहाचं हॉटेल. नवरा मागेच वारला. एकुलता एक इंद्रजित इंग्लंडात नर्स होता. जुलैत एकदा समुद्रावर गेला. किनाऱ्यावर बूट सापडले, तो नाही. सात वर्षं काहीच न कळल्यानं त्याला कायद्यानं मृत ठरवावं, असा अर्ज त्याच्या बायकोनं, स्नेहलनं, तिथल्या कोर्टात केला होता. आईची हरकत असली तर कोर्ट ऐकणार होतं.

"तिला दुसरं लगीन करायचंय," दीर फणकारला. "भावकीत काय तोंड दाखवायचं?"

"माझ्यासारखीच चुलीम्होरं वाळली, की बरं दिसंल व्हय भावजी?"

"आन इंद्रजित आला तर?"

धोंडाबाईचा हात पातेल्यावर थबकला. "आला तर मी हाय की. तिला कशाला बांधून ठेवू?"

तिनं मोबाइल ओढून घेतला आणि स्नेहललाच फोन लावला. "माझी हरकत न्हाई. सांग तुझ्या कोर्टाला."

निकाल लागला. नक्की कधी गेला ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सात वर्षं पुरी झाली तोच दिवस कोर्टानं मृत्यूचा धरला. स्नेहलनं चाचरत तारीख सांगितली.

"त्या दिवशी मी भात लावत व्हते. बायांसंगं हसत व्हते," धोंडाबाई ताडकन म्हणाली. "माझं लेकरू गेलं आन मी हसले? तुझं काम झालं, बास. ती तारीख मी न्हाई मानायची."

"नका मानू, आई," स्नेहल म्हणाली.

दिवाळीनंतर स्नेहल भेटायला आली. जयसिंग फिरकला नाही. भावकीतल्या बाया मात्र बघायला जमल्या. धोंडाबाईनं सुनेला दारातच पाटावर बसवलं, कुंकू लावलं, नारळ घेतला.

"इधवेनं इधवेची ओटी भरायची?" कुणीतरी पुटपुटलं.

"लेकीची भरतीय," धोंडाबाई मोठ्यांदा म्हणाली. "नवऱ्याघरी निघालीय ती."

स्नेहलची रिक्षा उतारावरून दिसेनाशी झाली. बोटाला उरलेलं कुंकू धोंडाबाईनं कितीतरी वेळ पुसलं नाही. मग बाकावरच्या गिऱ्हाइकानं हाक मारली, तसं तिनं ते पदराला पुसलं आणि विचारलं,

"साधा का पेशल?"