सहा मेंढ्यांचे कान

मल्हारीच्या सहा मेंढ्या धुवायला घेतल्या नसत्या, तर रुपालीला काही म्हणता काही कळलं नसतं. पण लोकर कातरणीच्या आदल्या दिवशी मेंढरं ओढ्यात धुवावीच लागतात, आणि मल्हारी नेमका सकाळीच कातरींना धार लावून आणायला सेलूला गेलेला. दोन महिने झाले होते या माणसाला पेडगावच्या शिवारात येऊन. ओढ्याच्या पलीकडं राहायचा, आपली मेंढरं आपणच चारायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. मोडलेला पाय ओढत चालायचा, आणि रुपाली दिसली की उगाच काठी दगडावर आपटायचा. ते तिला कळत नव्हतं असं नाही. तिलाही आवडायचं, खोटं कशाला बोला.

तिनं पहिली मेंढी गुडघ्यात दाबली, गोचीड काढायला कान उलटा केला, आणि तिची बोटं तिथंच थांबली. उजव्या कानाचं टोक उडवलेलं, डाव्याला खाली दोन चिरा. दुसरी ओढली. तेच. सहाच्या सहा तशाच. मेंढरं राखणाऱ्या प्रत्येक घराची कान कापायची खूण वेगळी असते. कळपात कळप मिसळले तरी माणसं कानावरून आपलं जितराब वेगळं काढतात. आणि ही खूण रुपालीच्या सासरची होती. चार वर्षं तिनं कोकरं धरली होती आणि सासूनं कात्री चालवली होती.

आता पेडगावात सगळ्यांना ठाऊक होतं की रुपालीचा नवरा मेलाय. तिनंच तसं सांगितलं होतं. खरं काय ते ती आणि तिची मावशी कासाबाई, दोघीच जाणून होत्या. नवरा महारुद्र मानवतच्या बाजूला चांगला धडधाकट होता. तीन वर्षांपूर्वी त्यानं तिचा डावा हात चुलीत धरला होता. गुन्हा काय, तर त्याला न विचारता ती भावाशी फोनवर बोलली. त्याच रात्री दार उघडं मिळताच पळून ती मावशीच्या कळपात शिरली. कळप आज या रानात, उद्या त्या. महारुद्राला तो कधी सापडला नाही. हातावर तिनं लांब बाह्यांचा गडीमाणसाचा शर्ट चढवला, आणि रानात राबणाऱ्या सगळ्याच बाया तसला घालतात म्हणून कुणी काही विचारलं नाही.

म्हणजे हा मेला हेर निघाला, असं तिच्या मनानं घेतलं. रडू आलं नाही. डोकं फिरलं.

दिवस कलताना मल्हारी आला, तर ही ओढ्यावर कमरेला हात लावून उभी.

"कुणाची मेंढरं हायत ही?"

"माझी."

"कान माझ्या सासरचे हायत. तुला महारुद्रानं धाडलं न्हवं?" आजवर ती त्याला तुमी म्हणायची.

मल्हारीनं कातरींचं गाठोडं खाली ठेवलं आणि त्याच्याशेजारी मटकन बसला. "धाडलं न्हाई. सालगड्याच्या पगारात मिळाल्यात त्या. तुमच्या सासऱ्याच्या मेंढरांवर होतो मी. ज्या दिशी लागलो, त्याच दिशी भाकरी न्यायला घरी गेलो. आतून तुमी वरडायलेल्या, दारातनं तुमचा हात चुलीत दिसला. महारुद्र भाएर आला, कडी लावली आन निघून गेला. मी कडीपत्तुर हात नेला, रुपालीबाई. आन माघारी घेतला. पोटाला भ्यालो."

रुपालीनं डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"दोन साल गप ऱ्हायलो. मंग येकदा चार लोकांत बोललो, तर त्यानं ह्यो पाय मोडला. तुमाला हुडकत आलो ते हेच सांगायला. पण तुमाला बघितलं, आन मंग सांगवंना."

"कान परत कापले असतेस तर मला कळलंबी नसतं."

"येकदा कापलेला कान लपवायला परत कापायचा? न्हाई झालं मला ते." मग तो खाली बघूनच म्हणाला, "अजून येक हाय. आज सेलूत महारुद्राचा भाऊ भेटला. हातात कातरी बघून कातरणी कुठं म्हणाला. आपल्यात इचारलं की सांगत्यात. कासाबाईची, पेडगावात, असं निघून गेलं तोंडातून. उद्या महारुद्र येणार. तुमी आत्ताच निघा."

घ्या. तीन वर्षं झाकलेलं या बाबानं एका सवयीपायी उघडं केलं. रुपालीला वाटलं, याला काठीनं बडवावं. त्याहून राग आला तो स्वतःचा, कारण तिचे पाय खरोखरच पळायच्या तयारीत होते.

"न्हाई जात मी," ती म्हणाली. "लय पळाले. तू जा न्हाईतर थांब, तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी, कळप ज्यांच्या जमिनीवर उतरला होता त्या आबासाहेबांच्या रानात कातरणी बसली. कापसाची पराटी उपटून बांधावर रचलेली, मोकळ्या रानात तीसेक माणसं मेंढरं आडवी पाडून बसलेली. त्यांच्यात मल्हारीही होता. तो गेला नव्हता, पण मान वर करून बघतही नव्हता. अकराच्या सुमाराला बांधाला जीप लागली.

महारुद्र हसतच उतरला. "रामराम आबासाहेब. बायकोला न्यायला आलोय. ही काय, ही. मी मेलो म्हणून सांगितलं आसंल हिनं तुमाला?"

कातरींचा आवाज बंद पडला. आबासाहेब म्हातारे, शब्दाला कडक माणूस. त्यांनी रुपालीकडं बघितलं. "खरं हाय का गं बाई?"

कासाबाई पुढं सरली, तिला रुपालीनं हातानं बाजूला केलं. या रानातून हाकललं तर मावशीलाही थारा राहणार नव्हता, आणि जीपमध्ये बसली तर ती जिवंत राहणार नव्हती.

"खरं हाय. खोटं मी बोलले. ह्यो जिता हाय, आन हे त्याचं काम हाय." तिनं बाही कोपरापर्यंत सारली.

बायांनी तोंडाला पदर लावला. महारुद्र म्हणाला, "स्टो भडकला होता. इचारा हिला, साक्षीला कोण होतं?"

रुपालीनं मल्हारीकडं बघितलं नाही. भीक मागायची नाही, एवढं तिनं ठरवलंच होतं.

मल्हारीनं अर्धी कातरलेली मेंढी सोडून दिली आणि उभा राहिला. "मी होतो. स्टो न्हवता, चूल होती. ह्यानं भाएरून कडी लावली, आन मी ती काढली न्हाई. म्या भेकडानं बघितलं आन भाकरी घेऊन गेलो. कुठंबी सांगतो."

"लंगड्या, दुसराबी पाय..." महारुद्र पुढं आला, तशी कातरी हातात घेऊन पाचसहा माणसं न बोलता उठली.

"जीपीत बस," आबासाहेब म्हणाले. "आन माझ्या बांधाला परत गाडी लावू नको."

"थांबा," रुपाली म्हणाली. तिनं बांधावरून पराटीची एक काडी ओढली. नवराबायको तुटायची तर पंचांपुढं काडी नवऱ्यानं मोडायची, बाईनं नव्हे. अशीच रीत चालत आलेली. ती तिला पक्की ठाऊक होती. तिनं काडी दोन्ही हातांनी कटकन मोडली आणि तुकडे त्याच्या पायाशी टाकले. "कोर्टातलं कोर्टात बघू. हितलं संपलं."

जीप गेली तरी सगळे तसेच उभे. शेवटी कासाबाईच खेकसली, "बघायलाव काय? ती अर्धी मेंढी पळायली, धरा तिला."

मल्हारी जवळ आला. "माफी हाय का मला?"

"न्हाई. तीन वर्सं उशिरा बोललास. उद्या ठाण्यात चलायचं, हेच लिहून द्यायचं. मंग जितक्या तारखा पडतील तितक्यांदा यायचं."

"येतो. आन त्याच्या फुडं?"

"फुडचं मी इचारीन. तू इचारायचं न्हाई."

"किती दिवस वाट बघू?"

"कडी काढायला कुणी येईल म्हणून मी आतून बघितली होती," रुपाली म्हणाली. "आता तू भाएरून बघ."

मल्हारीनं मान हलवली, आणि पुढची मेंढी ओढून घेतली.