मी असेपर्यंत बटण बंद

मी डिसेबल्ड बोलतोय. नाव परकं आहे, अर्थ ‘बंद केलेलं’, काम साधं आहे. डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या संकेतस्थळावर शस्त्रक्रियेची तारीख घ्यायचं पान आहे. त्यावर ‘तारीख नक्की करा’ असं बटण आहे आणि त्या बटणाला चिठ्ठीसारखा बांधलेला मी. अशा चिठ्ठ्यांना अ‍ॅट्रिब्युट म्हणतात. इतरांच्या नावापुढे काय लिहिलंय ते ब्राउझर वाचतो. माझ्यापुढचं तो वाचत नाही. मी नुसता असलो की बटण बंद.

मला बांधलं धाकटीनं. संगणकाच्या खोलीत दोघंच, ती आणि सर, म्हणून ती धाकटी. शस्त्रक्रियेच्या खोलीची दुरुस्ती निघाली होती, तारखा द्यायच्या नव्हत्या. मी चोख काम केलं. तीन आठवडे एकही तारीख मी सुटू दिली नाही.

मधल्या काळात सरांनी मूळ फाइलचा पासवर्ड बदलला आणि तिला सांगितला नाही. “लहान आहेस. सांभाळून राहिलेलं बरं.” पुढे काहीतरी बिघडणार, याचा तेव्हाच मला वास आला होता.

आज सकाळी दुरुस्ती संपली. सर स्वतः बटण चालू करायला बसले. त्यांनी माझ्यापुढे ‘फॉल्स’ लिहिलं, म्हणजे ‘नाही’. मग संगणकाला विचारलं, डिसेबल्डपुढे काय आहे? संगणक म्हणाला, फॉल्स. सरांनी चहा मागवला. बटण काही दाबून पाहिलं नाही.

दुपारपासून फोन सुरू झाले. नोंदणीच्या टेबलावरच्या मावशीही तेच पान वापरतात, त्यांचंही बटण हलेना. त्या आत आल्या.

“एक बाई चौथ्यांदा फोन करतेय. तिच्या आईला ताटातलं दिसत नाही. डॉक्टर म्हणालेत उशीर नको. पाचला यादी बंद झाली की पुढची दीड महिन्यानं.”

“तिचा मोबाइल जुना असेल,” सर म्हणाले.

“आणि माझा संगणक?”

सरांनी धाकटीकडे पाहिलं. “तू काही हात लावलायस का?”

“कशाला लावू? पासवर्ड तुमच्याकडे आहे.”

मग ती माझ्याकडे वळली. माझ्यापुढे काय लिहिलंय ते तिनं विचारलं नाही. मी आहे का, एवढंच विचारलं. आहे, असं उत्तर आलं. आपल्या पडद्यावरच्या प्रतीतून तिनं मला काढलं, तर बटण चालू झालं. पण ती प्रत तिच्यापुरती.

“सर, तो असला की बंदच. फॉल्स लिहा नाहीतर तुमचं नाव लिहा. त्याला काढायला लागतं.”

“वीस वर्षं हे करतोय मी.”

“मग वीस वर्षांत एकदा तरी दाबून बघायचं होतं.”

पाचला दहा मिनिटं कमी होती. मावशींच्या हातातला फोन वाजला, त्याच बाईचा. धाकटीनं तो घेऊन सरांपुढे धरला. “बटण चालू आहे म्हणून तुम्हीच सांगा तिला.”

सरांनी फोन घेतला नाही. त्यांनी माउस धरून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग कीबोर्ड हातानं झाकून पासवर्ड टाकला आणि खुर्ची मागे सरकवली.

धाकटीनं मला एका ओळीत काढून टाकलं आणि फोनवर म्हणाली, “पान पुन्हा उघडून दाबा.” फोनमधून बाईचा आवाज आला, “थांबा हं... दाबतेय... आली तारीख. मंगळवारची. आई, मंगळवार.” मागून म्हातारीनं विचारलं, “सकाळची का?”

आता मी पानावर नाही. फाइलमधल्या बदलांची नोंद राहते, त्यात पडून आहे. मला बांधल्याच्या ओळीपुढे धाकटीचं नाव आहे, फॉल्सच्या ओळीपुढे सरांचं.

सगळे घरी गेल्यावर सरांनी ती नोंद उघडली. आपल्या नावाची ओळ तीनदा वाचली. मग ती पुसता येते का ते शोधू लागले. येते, ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याला येते. मग नोंदीत उरेल एकटं धाकटीचं नाव. उद्या दवाखान्याच्या साहेबांपुढे, बटण कुणामुळे बंद राहिलं याची चौकशी आहे आणि धाकटीला यातलं काहीच माहीत नाही. मला हात नाहीत, आणि माझ्यापुढचं कोणी वाचत नाही. तुम्ही वाचलंय. विचारलं तर सांगा.