सरावाचं डोकं

"हनुवटी खाली घे. अगं, खाली म्हटलं, विहिरीत नाही."

तिने हनुवटी किंचित उचलली. समोर बसलेल्या नवऱ्याने हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत तिचं नाक मोजलं. जन्मभर दुकानांतली वजनं-मापं तपासलेला माणूस. निवृत्तीनंतर चित्रकलेच्या वर्गाला लागला, तोही मापं घेतच. मास्तरांनी सांगितलं, की नवखा माणूस डोळे हमखास वर काढतो, खरं तर ते डोक्याच्या मध्यावर असतात. त्याला पटेना. त्याने तिला स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी तशीच बोलावली, डोक्याला मोजपट्टी लावली आणि खात्री करून घेतली.

तेव्हापासून रोज दुपारी खिडकीपाशी बैठक. पायाला मुंग्या आल्या तरी हलायचं नाही.

काढता काढता तो बोलत असे. डावा डोळा उतरलाय. मान म्हणजे पिळून टाकलेलं फडकं. कानाच्या पाळ्या लोंबतात, पण सावली बरी पडते. मास्तर म्हणतात, सरावाला असंच डोकं हवं, गुळगुळीत चेहऱ्यावर हात बसत नाही.

तिला लागायचं. पण तिचे केस पांढरे झाल्याचं ज्याला वर्षभर कळलं नव्हतं, तो माणूस आता तास तास तिच्याकडे पाहत होता. कागद ती मागत नसे. पुरं झालं की दाखवतील, असं तिने धरून ठेवलं होतं.

वर्गाचं प्रदर्शन ठरलं. बसलेल्या बाईचं मोठं चित्र लावतोय, यायचं तर ये, असं तो म्हणाला. तिने ठेवणीतले कपडे काढले.

चित्राखाली लिहिलं होतं, ‘पत्नी’. चेहरा पंचविशीतला, भरल्या गालांचा. तिचा नव्हता, तिच्या पंचविशीतलाही नव्हता.

"ही कोण?"

"वर्गात चित्रासाठी समोर बसायला येते ती. कशी उतरलीय बघ."

"आणि मी?"

"तुझ्यावर हात बसला, म्हणून तर ही जमली. सरावाचे कागद कुणी भिंतीला लावतं का?"

तिने नजर खाली घेतली. चित्रातल्या बाईच्या मांडीवरचे हात मात्र तिचे होते. डावी करंगळी बाहेर वळलेली, त्याने रागाच्या भरात दार ओढलं त्या दिवसापासूनची. सांध्यावरच्या गाठीसकट त्याने ती नेमकी टिपली होती. ती चित्राच्या आणखी जवळ सरकली. एवढं तरी होतं.

मास्तर आले. डोकं झकास झालंय, म्हणाले, आणि मग वाकून पाहिलं. "काका, ही करंगळी तेवढी चुकलीय. माणसाचं बोट असं वळत नाही."

"बरोबर आहे ती," ती म्हणाली, आणि तिने डावा हात पुढे धरला.

मास्तरांनी हात पाहिला. मग ते शेजारच्या चित्राकडे वळले.

"हिला काय कळतंय त्यातलं," नवरा हसून म्हणाला. कागद नुसता टाचण्यांनी लावलेला होता. त्याने खिशातून रबर काढलं, करंगळी पुसली आणि दोन रेघांत सरळ करून टाकली. मागे सरून, एक डोळा मिटून पाहिलं. पसंत पडलं. मग पुढे होऊन त्याने रबराचा चुरा फुंकला. तो तिच्या ठेवणीतल्या कपड्यांवर येऊन पडला.

तिने तो झटकला नाही.