डावी बाही

आमच्याकडे चांद्र वर्षातल्या दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मेलेल्यांना थंडीचे कपडे पाठवतात. रंगीत कागदाचे, आत कापसाचा पातळ थर घातलेले कोट जाळायचे, म्हणजे ते तिकडे पोचतात. ज्याचं थडगं आहे त्याच्या थडग्यापाशी, ज्याचं नाही त्याच्यासाठी चौरस्त्यावर. माझ्या नवऱ्याचं, हाइपोचं, थडगं नाही. तो ज्या बोटीवर होता ती मासे धरायला गेली आणि परत आली नाही, एवढंच. बाकीच्या खलाशांच्या घरच्यांनी त्याच वर्षी कपडे जाळले. आमच्या सासूबाईंनी त्या दिवशी काडेपेटीसुद्धा लपवून ठेवली.

दर थंडीच्या तोंडावर त्या त्याच्यासाठी खरा, कापडाचा कोट शिवतात. डावी बाही दोन बोटं आखूड. लहानपणी तो धक्क्यावरून पडला होता, तेव्हापासून तो हात नीट वाढलाच नाही. शिवून झाला की कोट पेटीत जातो. पेटीचं झाकण आता लागत नाही.

"यंदा तरी पाठवू या का, आई?" यंदा कपडे पाठवायच्या दिवशी सकाळी मी विचारलं. त्या यंदाचा कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"कुणाला?" सुई थांबली नाही.

"तुम्हाला माहीत आहे कुणाला."

"जित्या माणसासाठी कागद जाळतेस? उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर काय सांगशील?"

"सांगेन, मेलास असं वाटलं होतं. हसेल तो."

"तुझ्यासारख्या उतावळ्या आहेत म्हणून त्या मिआओचं कागदी कोटांचं दुकान चालतंय. दोरा ओवून दे, दिसत नाही मला."

मी दोरा ओवून दिला आणि मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले. उतावळी म्हणे. तो गेल्यापासून मी एक रात्र धड झोपले नव्हते. हाइपोला थंडी सोसायची नाही. झोपेत त्याचे गार पाय माझ्या पोटऱ्यांना चिकटलेले असायचे. तो तिकडे असेल तर इतके हिवाळे उघडाच कुडकुडत असेल. आणि इकडेच कुठे असेल, तर त्याला कोट पाठवणं म्हणजे माझ्याच हातानं त्याला मारणं. दोन्हीकडून माझं मरण होतं.

दुपारी मी मिआओ काकूंच्या दुकानात गेले. काकूंनी कुणासाठी म्हणून विचारलंसुद्धा नाही. निळा कोट काढून पुडीत बांधून दिला.

तिन्हीसांजेला तो जाकिटाखाली लपवून मी बंदराजवळच्या चौरस्त्यावर गेले. लोक आटपून घरी गेले होते, राखेची वर्तुळं तेवढी उरली होती. मी काठीनं एक वर्तुळ काढलं आणि त्याचं तोंड समुद्राकडे उघडं ठेवलं. बेवारस आत्म्यांनी कोट हिसकावू नये म्हणून थोडे सुटे कागद बाहेर ठेवले. पुडीवर नाव लिहायचं होतं. ते मात्र हातून होईना.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. सासूबाईंची चाल मी झोपेतही ओळखेन. खरं सांगते, मला आनंद झाला. आता त्या ओरडतील, पुडी हिसकावतील, केस धरून मला घरी नेतील, आणि हाइपो आणखी एक वर्ष जिवंत राहील.

त्या शेजारी उकिडव्या बसल्या. पुडी सोडली, कोट मांडीवर पसरला, डावी बाही दोन बोटं आत दुमडली आणि अंगठ्याच्या नखानं घडी दाबली.

"मिआओला किती सांगितलं, डावी आखूड कर म्हणून. ऐकत नाही. दरवर्षी मलाच दुमडावी लागते."

"दरवर्षी?"

"मिठागराकडच्या चौरस्त्यावर. तिकडे कुणी फिरकत नाही."

"मग घरात माझ्याशी इतकं भांडत होतात ते?"

"तो गेला हे एकीला माहीत असलं म्हणजे पुरे, असं वाटायचं." त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. "पण तूही कोट घेऊन आलीस. आता कुणापासून लपवायचं? नाव लिहिलंस?"

"नाही."

"लिही. नाहीतर दुसराच कुणी घालेल."

मी गुडघ्यावर पुडी ठेवून नाव लिहिलं. त्यांनी काडी ओढली. कागद तो, किती वेळ जळणार? मी रडले, त्या रडल्या नाहीत. त्यांचं आधीच रडून झालं होतं, दरवर्षी, मिठागरापाशी. आणि मी मूर्ख, त्यांच्या हट्टावर भार टाकून इतके दिवस जगत होते.

घरी आल्यावर त्यांनी अर्धा शिवलेला कोट उचलला, सुईसकट घडी केली आणि पेटीवर ठेवला.

"पुरा करा ना, आई," मी म्हटलं. "मी दोरा ओवून देते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुणासाठी?"