कारणाचा रकाना

टाचणी तिरकी बसली होती — घाईघाईत लावलेली, एक टोक कागदातून वर आलेलं — आणि बाई मघापासून त्या टोकावरून बोट फिरवत होत्या, टोचेल न टोचेल इतपत. विषय सोडण्याचा अर्ज, मागे ओळखपत्राची प्रत. कारणाच्या रकान्यात त्या मुलीने नुसती आडवी रेघ ओढली होती. बाईंची सही झाली की ती सुटली.

सकाळी अर्ज घेऊन ती आली तेव्हा बाईंनी कारण विचारलं होतं, जरा लाडानेच. मुलगी हुशार, आणि वर्गात या देशाच्या मूळ रहिवाशांपैकी ती एकटीच. एकोणीस वर्षं बाई हे शिकवत आल्या — वंश रक्तात नसतो, ती माणसांनी माणसांवर लावलेली पाटी असते, हे वाक्य आता झोपेतही म्हणता येईल — आणि मूळ रहिवाशांचं प्रकरण आलं की त्या पुस्तक मिटून अशाच एखाद्या मुलाकडे वळायच्या: आता तू सांग. पुस्तकापेक्षा माणूस बरा, हा त्यांचा खाक्या. या मुलीला तर गेल्या महिन्याभरात चारदा उभं केलं होतं.

"मॅडम, बाकीच्या तासांना मी शिकायला जाते," ती खाली बघत म्हणाली होती. "तुमच्या तासाला शिकवायला यावं लागतं."

उद्धट नव्हतं ते. दमून बोलली होती, आणि दमणं बाईंना लगेच ओळखू येतं... हल्ली आरशातही तेच दिसतं. अडीचच्या तासाला सही करून आणते, असं सांगून त्यांनी तिला पाठवलं, आणि मग राग आला. मला म्हणते ही? या विषयापायी सगळ्या विभागाशी वाकडं घेतलं मी, आणि मलाच... करायला गेले एक आणि झालं भलतंच.

राग ओसरला तेव्हा तो आठवला — नोकरीच्या पहिल्याच वर्षीचा, मनगटाशी उसवलेल्या स्वेटरमधला मुलगा. तू सांग म्हटल्यावर उभा राहिला आणि आजीबद्दल बोलला. घरची भाषा तोंडातून निघाली म्हणून शाळेत तिला दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभं करायचे... चाळीस मिनिटं बोलला तो. वर्गाचे डोळे पाणावले, टाळ्या झाल्या. ती आजी बाईंच्या टिपणांत आली ती कायमची. आजी तोंडपाठ आहे. पण मुलगा? टाळ्यांच्या पुढे काहीच आठवेना.

कपाटात जुने हजेरीपट होते. काही म्हणून टाकायचं नाही ही सवय. तुझ्याकडे आपल्या लग्नाच्या हॉलची पावतीसुद्धा निघेल, असं नवरा चिडवतो. धूळ झटकून त्यांनी पहिल्या वर्षीचा काढला. मुलाची ओळ सापडली. तो बोलला त्या तारखेपर्यंत एकही खाडा नाही. नंतर गैरहजर, गैरहजर, पान संपेपर्यंत. अक्षर माझंच. दर तासाला मीच लिहीत होते, आणि वर्षानुवर्षं त्याची आजी मात्र...

सही करायला पेन उघडलं. केली तर ती सुटेल — ती कसली, मीच सुटेन. नाही केली तर तिला धरून ठेवल्यासारखं. पेन मिटून त्यांनी अर्ज टिपणांत घातला.

अडीचला ती तिच्या जागेवर होती, वहीत डोकं घालून. बाईंची नजर सवयीने तिच्याकडे वळली. त्यांनी ती ओढून कागदांवर आणली. वर आजीचं पान होतं. ते त्यांनी उलटं करून ठेवलं. खालची पानं भरलेलीच होती, पण त्यांतलं एकही वाक्य आपलं म्हणून उच्चारता येईना, आणि वर्ग वाट बघत होता.